जुन्या फौजी पाण्याच्या बाटल्या जमवताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलवारी, मेडल, हेल्मेट जमवणारे खूप भेटतात. शिपायाच्या कमरेला दिवसरात्र लटकलेली पाण्याची बाटली मात्र बहुतेकांच्या घरात माळ्यावरच पडून असते आणि एक दिवस भंगारात जाते. ती जाऊ नये म्हणून हे लिहितोय. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत, क्रम फार बघू नका, आपला प्रश्न शोधा आणि वाचा.

पणजोबा फौजेत होते, घरात एक खाकी कापड लावलेली बाटली सापडली. ही कुठल्या काळातली?

आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग भागात जी बाटली निघते ती नव्वद टक्के वेळा ब्रिटिश नमुन्याची असते. पत्र्याची, वर एनॅमलचा मुलामा, बहुतेक वेळा निळा आणि कधीकधी हिरवा, त्यावर शिवून टाकलेलं खाकी फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड लोकरी कापड, आणि तोंडाला दोरीने बांधलेलं बूच. साधारण दोन पिंट, म्हणजे सव्वा लिटरच्या आत पाणी मावतं. एक बाजू किंचित खोलगट असते, ती कमरेला चिकटून बसावी म्हणून.

आता गंमत अशी की पहिल्या महायुद्धातली मार्क ६ नमुन्याची बाटली आणि दुसऱ्या महायुद्धातली बाटली लांबून सारखीच दिसते, आणि फेल्ट शिवलेलं असल्यामुळे आतला शिक्का असलाच तरी दिसत नाही. त्यामुळे बाटलीपेक्षा ती ज्यात अडकवलेली असते तो पट्टा आधी बघा. जाड विणीचं वेबिंग, म्हणजे विणलेला सुती पट्टा, असेल तर त्यावर शाईने कारखान्याचं नाव आणि साल छापलेलं असतं, उजेड तिरका धरून बघा, पुसट झालेलं पण दिसतं. १९०८ नमुन्याचं वेबिंग म्हणजे पहिलं महायुद्ध आणि त्यानंतरची काही वर्षं, १९३७ नमुन्याचं म्हणजे दुसरं. चामड्याचा पट्टा असेल तर आणखी नीट बघा, कारण १९१४ ला फ्रान्सला आणि मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेलेल्या अनेक हिंदी पलटणींकडे १९०३ नमुन्याचं चामडी सामान होतं.

भारतात बनलेलं १९३७ चं वेबिंग इंग्लंडमधल्यापेक्षा पातळ आणि सैल विणीचं असतं, म्हणून लोक त्याला हलकं समजून टाकून देतात. मला उलट तेच जास्त मोलाचं वाटतं, कारण आपली पोरं जे घालून आफ्रिकेत, इटलीत, बर्मात लढली ते हेच.

बाटलीवर बाणाची खूण आहे, ती कसली?

ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, वर टोक असलेला तीन रेघांचा बाण. सोबतची अक्षरं महत्त्वाची. बाणासोबत आय असेल तर हिंदुस्थान, सी च्या आत बाण असेल तर कॅनडा, दोन डी च्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलिया, एन आणि झेड च्या मध्ये असेल तर न्यूझीलंड, यू च्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका. दुसऱ्या महायुद्धात यातल्या बऱ्याच फौजा हिंदी फौजेसोबत उत्तर आफ्रिकेत किंवा इटलीत होत्या, सामान इकडचं तिकडे झालंच, म्हणून मराठा शिपायाच्या घरी ऑस्ट्रेलियन खुणेचा पट्टा निघाला तर लगेच "हे खोटं आहे" म्हणू नका.

फेल्ट कशाला लावायचे? काढून टाकलं तर आतला निळा रंग किती छान दिसेल!

अजिबात काढू नका, हात जोडून सांगतो. फेल्ट ओलं केलं की त्यातलं पाणी उडत राहतं आणि आतलं पाणी गार होतं, आपला माठ पाझरून गार होतो तसंच. शिवाय बाटली बंदुकीला किंवा दगडाला आपटून आवाज होत नाही आणि एनॅमलचे टवके उडत नाहीत. अमेरिकन कॅनव्हासच्या पिशवीला आतून लोकर लावलेली असते ती पण याचसाठी.

आणि दुसरं म्हणजे शिपायाची सगळी खूण फेल्टवरच असते. माझ्याकडे सातारा भागातल्या एका घरातून आलेली बाटली आहे, तिच्या आतल्या बाजूचं फेल्ट एका पट्ट्यात पार झिजून जाळीदार झालंय कारण ती वर्षानुवर्षं एकाच बाजूला कमरेवर घासत होती, खालच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याने ठिगळ मारलंय, टाके जाड आणि वेडेवाकडे पण घट्ट, आणि बुचाची मूळ दोरी जाऊन तिथे सुतळी आलीये. फेल्ट काढून फेकलं असतं तर हातात एक निळा डबा राहिला असता, बाकी काही नाही.

सुरुवात करायची आहे, जगभरातलं जमवू की एकाच देशाचं?

एकच धागा पकडा. एक देश किंवा एक युद्ध किंवा एक पलटण. जगभरातलं जमवायला गेलं की शंभर बाटल्या होतात आणि एकीबद्दलही धड सांगता येत नाही. आपल्याकडच्या माणसाने हिंदी फौजेपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं, वस्तू इथे मिळतात, माहिती विचारायला माणसं इथे आहेत आणि परदेशी लोक या विषयाकडे कमी वळतात.

अमेरिकन सिव्हिल वॉरच्या बाटल्यांचं एवढं कौतुक का? एक घ्यायची असेल तर काय बघायचं?

कौतुक आहे कारण तिकडे हा छंद सगळ्यात जुना आणि सगळ्यात अभ्यास झालेला. १८६१ ते १८६५ च्या त्या युद्धात उत्तरेकडच्या शिपायाकडे १८५८ नमुन्याची बाटली असायची. कल्हई केलेल्या लोखंडी पत्र्याच्या दोन फुगीर वाट्या एकमेकींवर ठेवून कडेने डाख दिलेला, तोंड प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूचं, त्यात बूच, वर करड्या, तपकिरी किंवा निळ्या लोकरी कापडाचं आवरण, गळ्यात अडकवायला सुती पट्टी. पाणी तीन पिंट, म्हणजे जवळपास दीड लिटर. १८६२ पासून काहींच्या पत्र्यावर गोल गोल कंकणं दाबलेली दिसतात, पत्र्याला बळकटी यावी म्हणून, त्याला जमवणारे लोक बुल्सआय म्हणतात.

दक्षिणेकडे पत्र्याची टंचाई होती म्हणून त्यांनी लाकडाच्या, खास करून सीडरच्या, लोखंडी पट्ट्या मारलेल्या चपट्या पिपासारख्या बाटल्या केल्या, पत्र्याच्या चपट्या डब्यासारख्याही केल्या. कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेचे, शिपाई उत्तरेची बाटली मिळाली की आपली टाकून ती घ्यायचे. म्हणूनच दक्षिणेकडची खरी बाटली कमी उरली आणि महाग आहे, आणि म्हणूनच खोटी पण तीच जास्त बनते.

अर्ध्या बाटल्या दिसल्या तर त्या तुटलेल्या समजू नका. शिपाई मुद्दाम डाख वितळवून दोन वाट्या वेगळ्या करायचे, एका वाटीला काठीची मूठ लावली की तवा झाला, खिळ्याने भोकं पाडली की मका किसायची किसणी झाली, आणि गोळीबार सुरू झाला की त्याच वाटीने पालथं पडून माती उपसायची. अशी काजळी धरलेली अर्धी वाटी मी अख्ख्या चकचकीत बाटलीपेक्षा वर ठेवीन.

एक सापळा लक्षात ठेवा. युद्ध संपल्यावर लाखो बाटल्या गोदामात उरल्या आणि १८७० च्या दशकात त्याच बाटल्यांना नवीन कॅनव्हासचं आवरण शिवून, वर यू. एस. छापून पुन्हा फौजेला दिल्या. म्हणजे आत सिव्हिल वॉरचा पत्रा, बाहेर नंतरचं कापड. वस्तू खरीच आहे, विकणारा फक्त "गेटिसबर्गची", म्हणजे त्या युद्धातल्या गाजलेल्या लढाईची, म्हणून भाव लावतो. कापडावर यू. एस. ची मोठी अक्षरं दिसली की थांबा आणि विचारा.

भारतात अमेरिकन बाटल्या कशा काय मिळतात?

दुसऱ्या महायुद्धात आसामात आणि कलकत्त्याला अमेरिकन फौजा मोठ्या संख्येने होत्या, आसामातून बर्मात जाणारा लेडो रस्ता त्यांच्याच देखरेखीखाली झाला, आणि युद्ध संपल्यावर उरलेला बराचसा माल इथेच राहिला. त्यामुळे १९१० नमुन्याची अॅल्युमिनियमची बाटली आपल्या जुन्या बाजारात अधूनमधून दिसते. एक क्वार्टची, म्हणजे लिटरला थोडी कमी, आणि तिच्या बुडाला तिच्याच आकाराचा कप बसतो ज्यात कॉफी गरम करता येते.

साल बुडाजवळ ठोकलेलं असतं, यू. एस., मग कारखान्याची अक्षरं, मग वर्ष. झाकण पण बघा. पहिल्या महायुद्धातलं झाकण सपाट माथ्याचं अॅल्युमिनियमचं, दुसऱ्यात १९४२ च्या सुमारास काळं, कडेला रेघा असलेलं प्लास्टिकचं आलं कारण अॅल्युमिनियम विमानांना लागत होतं. त्याच कारणाने स्टेनलेस स्टीलच्या, एनॅमलच्या आणि चक्क प्लास्टिकच्या बाटल्या पण त्या वर्षांत काढून बघितल्या, एनॅमलवाल्या थोड्याच निघाल्या म्हणून त्यांना मागणी असते. १९१८ च्या बाटलीवर काळं झाकण असेल तर ते नंतर बदललंय, फौजेनेच बदललं असेल, त्यात वाईट काही नाही पण भाव पूर्ण जोडीचा देऊ नका. बाटली, कप आणि पिशवी तिन्हीवर जवळजवळची सालं असतील तर नशीब समजा.

जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन यांचं थोडक्यात सांगा.

जर्मन १९३१ नमुन्याची अॅल्युमिनियमची, ८०० मिलीची, तपकिरी फेल्ट, वर उलटा बसवलेला काळा कप आणि चामड्याचा पट्टा. गळ्याशी कारखान्याची अक्षरं आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. आफ्रिकेसाठी बाटलीवर लाकूड आणि राळेचं कडक आवरण चढवलं, ती नारळासारखी दिसते म्हणून तिला तेच नाव पडलं. युद्धाच्या शेवटाकडे माल हलका होत गेला, अॅल्युमिनियमऐवजी एनॅमल केलेला पत्रा आला. नाझी काळातली वस्तू असल्यामुळे तिच्यावर खोटे शिक्के मारणारे भरपूर, जपून.

फ्रेंचांची १८७७ ची बाटली मला फार आवडते. तिला दोन तोंडं असतात, मोठं भरायला आणि छोटं प्यायला, छोट्यातून बारीक धार पडते म्हणजे चालता चालता तोंड न लावता पिता येतं. मूळची एक लिटरची, पहिल्या महायुद्धात दोन लिटरची पण वाटली गेली.

जपानी टाइप ९४ अॅल्युमिनियमची, मोहरीच्या किंवा हिरवट रंगाची, पट्ट्यांच्या जाळ्यात बसवलेली, मणिपूर आणि नागालँडमध्ये आजही काही घरांत सापडते. रशियनांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत काचेच्या बाटल्या दिल्या, अॅल्युमिनियम पुरत नव्हतं म्हणून. काचेची बाटली घेऊन लढाईला जायचं, कल्पना करा. अख्खी मिळाली तर सोडू नका.

मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींचं काही मिळतं का?

मिळतं, पण फार कमी, आणि त्याचं कारण दुःखद आहे. सहावी पूना डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे गेली त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. परत मागे येऊन कूत अल अमाराला अडकल्या, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळपास पाच महिने वेढा. शरणागतीनंतर हजारो शिपाई कैदेत वाळवंट तुडवत नेले गेले, त्यात कितीतरी मेले. त्या माणसांच्या बाटल्या परत आल्या नाहीत. ज्या येतात त्या बहुतेक जखमी होऊन आधी परतलेल्या किंवा नंतर कुमक म्हणून गेलेल्या शिपायांच्या.

त्या मोहिमेत पाणी बाटलीपेक्षा मोठ्या गोष्टींनी फिरायचं, खेचरांवर लादलेल्या पखाली, कातडी मशका, कापडी छागला. छागल किंवा पखालीचं पितळी तोंड कुठे मिळालं तर ते पण याच संग्रहातलं समजा.

पलटणीचा आकडा वाचताना एवढं लक्षात घ्या की १९२२ ला या सगळ्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी रॉयल, ११४ ची दहावी. म्हणजे पट्ट्यावर ११० असेल तर तो शिक्का १९२२ च्या आधीचा. आणि पाचाच्या जोडीला तीन, म्हणजे पाचव्या मराठाची तिसरी बटालियन, असेल तर नंतरचा, कदाचित इटलीला गेलेला, कारण यशवंत घाडगे यांना जिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती टायबर खोऱ्यातली १० जुलै १९४४ ची लढाई तिसऱ्या बटालियनचीच.

बाटलीवर नाव किंवा नंबर खरवडलाय. तो घासून काढू का?

नाही! या सगळ्या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. खरवडलेलं नाव म्हणजे बाटलीचा सगळ्यात मोलाचा भाग.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याचं जे युद्धस्मारक आहे त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली पण हिंदी शिपायांची नाही, हिंदी अधिकाऱ्यांची नावं दिली आणि साध्या शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा टाकला. फ्रान्समध्ये नव शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं आहेत, बसऱ्याला नाहीत. म्हणजे सातारा जिल्ह्यातला एखादा साधा शिपाई तिकडे मेला तर तिथल्या दगडावर त्याचं नाव नाही, आणि त्याने स्वतःच्या हाताने सुरीच्या टोकाने पट्ट्यावर कोरलेला नंबर आपल्या माळ्यावर आहे. तो तुम्ही घासणार?

नंबर वाचायला तिरका उजेड वापरा, अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने धरायचा आणि फोनने चारी दिशांनी फोटो काढायचे. कागद ठेवून पेन्सिल घासायची पद्धत धातूवर चालते, फेल्टवर किंवा सुटलेल्या रंगावर नाही. अक्षरं मोडी असू शकतात हे लक्षात ठेवा, इंग्रजी समजून उलटसुलट वाचत बसतात लोक, मोडी वाचणारा कोणी असेल त्याला फोटो पाठवा.

मग शोध. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी ऑनलाइन फुकट बघता येते, पण त्यात फक्त मेलेले शिपाई असतात. जिवंत परतलेल्यांसाठी पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक, मेडलच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव, हे घरातच शोधा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, रेकॉर्डिंग करून ठेवा, पुढच्या दिवाळीला विचारू असं म्हणू नका.

खरी की खोटी, घरच्या घरी कसं ओळखायचं?

पहिलं म्हणजे "खोटी" सगळी फसवायलाच बनलेली नसते. युद्धाचे प्रसंग उभे करणारे हौशी लोक परदेशात भरपूर आहेत, त्यांना वापरायला नवीन बाटल्या लागतात, आणि तसा माल बनवणारे कारखाने आपल्या देशात पण आहेत. तो माल नवीन म्हणूनच विकला जातो. दोन हात बदलले, पावसात ठेवला, चहाच्या पाण्यात कापड बुडवलं की मग तो "जुना" होतो.

लोहचुंबक लावा. सिव्हिल वॉरची बाटली लोखंडी पत्र्याची, चुंबक चिकटलाच पाहिजे. नवीन बाटल्या पाणी पिता यावं म्हणून बऱ्याचदा स्टेनलेसच्या करतात, त्यातल्या पुष्कळशा स्टीलला चुंबक धरत नाही. १९१० ची अॅल्युमिनियमवाली अर्थातच चिकटणार नाही.

शिवणीचा दोरा बघा. सुटलेला एक तंतू, फक्त एक, चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि विझते, सूत कागदासारखं जळतं, नायलॉन पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मणी झाला की विषय संपला.

यूव्ही टॉर्च सगळे सांगतात. नवीन कापडात चमक आणणारी द्रव्यं असतात ती निळसर पांढरी चकाकतात, जुनं कापड मंद दिसतं. पण आपल्याकडे एक अडचण आहे, घरातल्या कोणीतरी ती पिशवी डिटर्जंटने धुतलेली असते आणि मग अस्सल १९४१ ची पिशवी पण चकाकते. त्यामुळे शिवणीच्या आत, दुमडीच्या आत उजेड पाडून बघा, तिथे साबण नीट पोचलेला नसतो.

झीज कुठे आहे हे तर बघाच. खरी झीज कमरेच्या बाजूला, पट्ट्याच्या कडीशी, तोंडाच्या कडेला असते. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कोणीतरी सॅंडपेपर घेऊन बसलं होतं.

गोळीचं भोक असलेली बाटली मिळतेय, भाव तिप्पट सांगतात. घेऊ?

शंभरदा विचार करा. बाटलीला भोक पाडणं सोपं आहे आणि भाव लगेच चढतो, म्हणून हे खूप चालतं. भोकाची कड भिंगातून बघा. युद्धातलं भोक असेल तर कडेचा गंज आणि आजूबाजूचा गंज एकाच वयाचा, एकाच खोलीचा दिसेल. नवीन भोकाची कड उजळ असते किंवा वर नारिंगी भुकटीसारखा गंज बोटाला लागतो. गोळी आत शिरताना पत्रा आत वळतो, बाहेर पडताना बाहेर, हे पण जुळलं पाहिजे. आणि एनॅमल असेल तर भोकाभोवती टवके उडून उघडा पडलेला पत्रा तितकाच काळवंडलेला हवा. सगळं जुळलं तरी तिप्पट पैसे कथेचे आहेत, बाटलीचे नाहीत, आणि कथेला कागद नसेल तर मी देणार नाही.

साफ कशी करायची? पितांबरी, ब्रासो, चिंच?

यातलं काहीच नाही. पितळी कडीवरचा काळपटपणा तिथे राहू दे. हिरवा भुकटीसारखा कळंक असेल तर बांबूच्या काडीने कोरडाच खरवडा. फेल्टवर मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवायचा, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधून कमी जोरावर, बास. धुवायचं नाही, फेल्ट आकसतं आणि आत ओल राहून पत्रा सडतो. चामड्याच्या पट्ट्याला खोबरेल तेल लावायची आपल्या लोकांना फार हौस, ते लावू नका, चामडं चिकट होतं, बुरशी धरते आणि शिवण कुजते.

पावसाळ्यात काय करायचं? कोकणात राहतो, फेल्टला कसर लागलीये.

कसर लागलेली बाटली आधी बाकीच्यांपासून वेगळी करा. आत थेंबभर पाणी नाही याची खात्री करून पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. अंडी उरली असतील तर एकदा आणखी करा.

एरवी सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलसोबत डब्यात, आणि जेल दर पावसाळ्यात बदलायचं. प्लास्टिकच्या पिशवीत कायम बांधून ठेवू नका. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. काचेच्या शोकेसमध्ये ठेवलीत तर ऊन येत नाही ना बघा, खाकी रंग दोनतीन वर्षांत पिवळा पडतो.

बूच आत अडकलंय, ओढून काढू?

नको, जुनं बूच बिस्किटासारखं भुगा होतं. तसंच राहू द्या. आत काही खुळखुळत असेल तर ते बहुधा एनॅमलचे टवके किंवा गंज, त्याने बाटली मरत नाही.

यात पाणी पिऊन बघितलं तर?

अजिबात नाही. जुन्या डाखात आणि प्यूटरमध्ये शिसं असू शकतं, जुन्या एनॅमलचाही भरवसा नाही. शिवाय आपल्याकडे युद्धानंतर घराघरात या बाटल्यांत रॉकेल भरून ठेवायचे, वास घेतलात तर अजून येतो. संग्रहातली वस्तू कोरडीच ठेवा.

कुठे शोधायच्या? भाव काय असतो?

पुण्याचा जुना बाजार, बुधवार आणि रविवार, सकाळी लवकर. मुंबईत चोर बाजार. पण मला विचाराल तर गावातला भंगारवाला सगळ्यात मोठा. त्याला फोटो दाखवून ठेवा, नंबर देऊन ठेवा, वजनापेक्षा चार पैसे जास्त देईन म्हणा, तो आठवण ठेवतो. नुसतं बघून शिकायचं असेल तर पुण्यात घोरपडीला राष्ट्रीय युद्ध संग्रहालय आहे, खऱ्या फौजी सामानाचा रंग आणि जाडी डोळ्यात बसवायला असं ठिकाण बरं.

भावाचा आकडा मी मुद्दाम देत नाही, दर वर्षी बदलतो. क्रम मात्र फारसा बदलत नाही: पट्टा नसलेली एकटी बाटली सगळ्यात स्वस्त, सालासकट पट्टा असेल तर जास्त, पलटणीचा शिक्का असेल तर आणखी, आणि नाव, नंबर, कागद, फोटो सगळं एकत्र असेल तर ते विकणाऱ्यापेक्षा जपणाऱ्या माणसाकडे जावं.

लायसन्स लागतं का? परदेशात पाठवता येते?

बाटलीला शस्त्राचं लायसन्स लागत नाही. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या बाटल्या आता त्या रेषेपलीकडे गेल्यात. परदेशातला कोणी जास्त पैसे देतोय म्हणून पार्सल करून मोकळे होऊ नका, आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारा.

इंफाळ कोहिमाकडे फिरायला जाणार आहे, तिथे जंगलात सापडतात म्हणे. खणू का?

खणू नका. तिथल्या मातीत आजही न फुटलेले गोळे आणि ग्रेनेड आहेत, माणसं जखमी होतात, मरतात. आणि खाली फक्त सामान नाही, माणसं पण आहेत. मार्च १९४४ ला संगशाकच्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडसोबत पाचव्या मराठाची चौथी बटालियन जपान्यांशी लढली, जमीन इतकी खडकाळ की खंदक धड खणता येईनात आणि वेढ्याच्या आत पाण्याची सोय जवळजवळ नव्हती. तिथल्या रिकाम्या बाटलीला हात लावताना हे माहीत असावं. गावातल्या लोकांनी घरात जपलेल्या वस्तू आहेत, छोटी संग्रहालयं आहेत, ती बघा, त्यांच्याशी बोला, विकायला तयार असतील तर कुठल्या शेतात, कधी, कोणाला सापडली हे विचारून लिहून घ्या.

घरातल्या कोणाला रस नाही, मला ही बाटली द्यायची आहे. कोणाला देऊ?

आधी एक कागद लिहा: शिपायाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, पलटण माहीत असेल तर ती, नंबर, कुठे लढला असं घरात सांगतात, बाटली कोणाकडून कोणाकडे आली, आणि तुमची सही, तारीख. जे ऐकीव आहे त्यापुढे ऐकीव असं लिहा. बाटली, पट्टा, मेडल, फोटो वेगवेगळ्या लोकांना वाटू नका, एकत्रच द्या. बेळगावला रेजिमेंटचं स्वतःचं संग्रहालय आहे, तिथे विचारा. गावात सैनिकांची परंपरा असेल, साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारखी, तर गावातच काचेच्या पेटीत ठेवता येते का बघा, फक्त किल्ली कोणाकडे राहणार आणि कसर कोण बघणार हे आधी ठरवून घ्या. संस्थेला देताना पोच मागा, वस्तूचा नोंदणी क्रमांक मागा, आणि त्या कागदाची एक प्रत घरच्या मेडलच्या डबीत ठेवून द्या.